तोंड आहे, तांब्याची कळशी नव्हे

मागच्या मे महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा तोंड धुता?" मी धडधडीत खोटं बोलले. "तीन." खरा आकडा सहा होता. उठल्यावर, आंघोळीत, ऑफिसात पोचल्यावर, जेवणानंतर, घरी आल्यावर आणि झोपताना. त्यातही ऑफिसातली दोन धुणी बेसिनवरच्या गुलाबी हँडवॉशने व्हायची. ते तर डॉक्टरांपुढे तोंडातून निघालंच नाही, आज इथे कबूल करतेय.

माझी बाजूही ऐका. राहायला ठाण्याच्या घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे. नोकरी ऐरोलीत. मेट्रोच्या कामाची धूळ खात रिक्षाने ठाणे स्टेशन गाठेपर्यंत पांढऱ्या रुमालावर चेहऱ्याचा नकाशा उमटतो. पुढे ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली दोनच स्टेशनं, पण तेवढ्यातही घामाची आंघोळ होते. अशा बाईने ऑफिसात शिरताच नळ सोडला तर तिचं काय चुकलं? शिवाय धुतल्यावर गालावर बोट फिरवलं की घासलेल्या भांड्यावर फिरवल्यासारखं कुईकुई वाजायचं. मला वाटायचं, झालं बाई स्वच्छ!

एप्रिलमध्ये नाकपुड्यांच्या कडेला कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायला लागले. घामाने गाल चुरचुरायचे. एरवी ज्या क्रीमने बरं वाटायचं तेही झोंबायचं. आणि कपाळ? ते आपलं तेलकटच्या तेलकट! सासूबाई चिंच लावून देवाची तांब्याची भांडी घासत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही कळशी आहे म्हणून घासतेय. तू तोंड का घासतेस?"

डॉक्टरांनी जे सांगितलं ते याच्याच आसपास होतं, फक्त त्याची फी पडली. आपली त्वचा किंचित आंबट असते, सामू (पीएच; आकडा जितका लहान तितकं आंबट) साधारण ५ च्या आगेमागे. अंगाचा नेहमीचा साबण ९-१० वर. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे चिऱ्यांची भिंत समजा. चिरे मृत पेशींचे आणि मधलं लिंपण चरबीचं. साबण मळ नेतो तसं हे लिंपणही थोडं थोडं नेतो. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरून झोंबतं. ते कुईकुई वाजणं म्हणजे स्वच्छता नव्हतीच, लिंपण गेल्याची खूण होती.

आणि कपाळाचं तेल बनतं आतल्या ग्रंथींत, हार्मोन्सच्या हुकमावर. वरचं पुसलं म्हणून आतला कारखाना बंद पडत नाही. हे कुणी मला कॉलेजात सांगितलं असतं तर किती फेस वॉशचे पैसे वाचले असते.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणी. नळांवर पांढरा थर, बादलीला पांढरी कड. अशा जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो, आणि तो नुसता बादलीला चिकटत नाही, गालावरही राहतो. घणसोलीला बहिणीकडे धरणाचं पाणी येतं, ते इतकं जड नसतं. तिच्याकडे दोन दिवस राहिले की चेहरा कमी ओढतो. (हे तिला सांगू नका, आधीच तिला नवी मुंबईचा फार अभिमान आहे.) उपाय साधा निघाला: साबणाऐवजी सौम्य, साबण नसलेला फेस वॉश, आणि भरपूर पाण्याने धुणं.

तर किती वेळा? सगळ्यांना एकच आकडा लावणं मला पटत नाही. कोरड्या किंवा नाजूक त्वचेला रात्री एकदा फेस वॉश आणि सकाळी नुसतं पाणी पुरतं. माझी त्वचा मिश्र; कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. म्हणून सकाळी फेस वॉश फक्त कपाळ-नाकाला आणि रात्री सगळीकडे, कारण सनस्क्रीन उतरवायचं असतं. तेलकट त्वचेला दोनदा, आणि खूप घाम आला तर आणखी एकदा. पाणी कोमट. पुसायचं टिपून, टॉवेलने रगडून नाही. त्वचा ओलसर असतानाच क्रीम.

खरी लढाई दहावीतल्या लेकीशी आहे. तिला मुरुमं आहेत आणि ती मळामुळे येतात असं तिचं पक्कं मत. मैत्रिणींचं, आजूबाजूच्या काकूंचंही तेच. "तोंड नीट धूत नाहीस का गं?" हा प्रश्न एखाद्या मुलीला चारचौघांत विचारणाऱ्या बायकांचा मला मनापासून राग येतो. रोमछिद्र आतून तुंबतं, त्याला ती काय करणार? अमेरिकेत मुरुमं असलेल्या मुलग्यांवर एक छोटा अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आलेला. सहा आठवडे कुणी दिवसातून एकदा, कुणी दोनदा, कुणी चारदा तोंड धुतलं. दोनदावाल्यांचे काळे ठिपके (ब्लॅकहेड्स) कमी झाले, एकदावाल्यांची मुरुमं वाढली, आणि चारदावाल्यांना जास्तीच्या धुण्याचा काही खास फायदा दिसला नाही. मी हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते मुलगे होते." आता यावर काय बोलणार! शेवटी डॉक्टरांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेस वॉश दोनदाच वापरायला सांगितला, तेव्हा गप्प झाली. माझ्या सांगण्याला घरात किंमत नाही.

गंमत म्हणजे आमच्या लहानपणी हे सगळं बिनबोभाट चालायचं. सकाळी एकदा, आणि दिवेलागणीला बाहेरून आलं की हातपाय-तोंड धुऊन मगच शुभंकरोती. नुसत्या पाण्याने. तेव्हा अंगाला ना सनस्क्रीन असायचं ना घोडबंदरची धूळ, त्यामुळे पुरायचं.

परवा ऑफिसात जेवण झाल्यावर सवयीने बेसिनपाशी गेले. हात गुलाबी बाटलीकडे गेलाही होता. मग फक्त हात धुतले, ओल्या रुमालाने मान पुसली आणि जागेवर आले. शेजारची म्हणाली, "आज तोंड नाही धुतलंस? बरं नाहीये का?"