‘डेटाशी खेळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या रेप्लिकांवर (मुख्य सर्व्हरच्या, म्हणजे प्रायमरीच्या, मागोमाग चालणाऱ्या प्रती) मी लेख लिहिला होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आधी त्याबद्दल. तुम्ही लिहिलंत: ‘रेप्लिकावर फ्लशची व्हॅल्यू २ ठेवायला सांगणं म्हणजे लोकांच्या डेटाशी खेळ आहे, आणि खरा सर्व्हर कधी न सांभाळलेला माणूसच असा सल्ला देतो.’ (फ्लश म्हणजे कमिट झालेलं, पक्कं ठरलेलं काम डिस्कवर कधी उतरवायचं ते ठरवणारी सेटिंग.)

वाक्याचा पहिला अर्धा भाग आक्षेप आहे, त्याचं स्वागत. दुसरा अर्धा कशासाठी? सेटिंग चुकीची वाटली तर का चुकीची ते सांगा. मी काय सांभाळलं आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं?

मायएसक्यूएल ५.१ च्या काळापासून मी रेप्लिका सांभाळतो आहे. प्रायमरीवर असंख्य कनेक्शन्स एकाच वेळी लिहायची आणि रेप्लिकावर एकटा एसक्यूएल थ्रेड ते सगळं ओळीने लावत बसायचा. ५.६ मध्ये समांतर वर्कर, म्हणजे एकाच वेळी बदल लावणारे अनेक थ्रेड, आले, तेही डेटाबेसगणिक; आमचा सगळा कारभार एकाच डेटाबेसमध्ये, त्यामुळे आम्हाला त्यांचा काही उपयोग नव्हता. प्रायमरीवर ग्रुप कमिटमुळे एका एफसिंकमध्ये (डिस्कवर पक्कं लिहिण्याच्या एका फेरीत) अनेक ट्रान्झॅक्शन्स (एकत्र होणाऱ्या बदलांचे गट) उरकतात. एकट्या थ्रेडला ती सोय नाही. दर कमिटला डिस्कची वाट बघायची, मगच पुढच्याला हात लावायचा. लॅग, म्हणजे रेप्लिकाचं प्रायमरीच्या मागे राहणं, तिथे साचतो. सकाळच्या रिपोर्टच्या आत तो उतरेल का, या काळजीत मी रात्री काढल्या आहेत. खरा सर्व्हर म्हणजे काय, हे मला शिकवू नका.

आता २ चं. या व्हॅल्यूवर कमिटच्या वेळी रिडू लॉग (केलेल्या बदलांची नोंदवही) ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला जातो आणि डिस्कवर पक्का होतो साधारण सेकंदाला एकदा. नुसती मायएसक्यूएलची प्रोसेस मेली तर काही जात नाही. वीज गेली किंवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) कोसळला तर शेवटच्या सेकंदाचं काम जाऊ शकतं. पण रेप्लिकाने कुठवर लावलं, याची नोंद ८.० मध्ये इनोडीबी या डेटा साठवणाऱ्या इंजिनच्याच टेबलमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होते. डेटा मागे गेला की नोंदही तेवढीच मागे जाते. रिले_लॉग_रिकव्हरी ही सेटिंग चालू असेल तर तिथून पुढचं सगळं प्रायमरीकडून पुन्हा आणलं जातं. प्रायमरीवर बायनरी लॉग (रेप्लिका जिथून बदल घेते त्या फाइल) शिल्लक आहेत तोवर यात काय गमावलं?

हे मी फक्त वाचनासाठीच्या आणि स्वतःचा बायनरी लॉग बंद असलेल्या रेप्लिकासाठी लिहिलं होतं. अट लेखातच आहे, सेटिंगच्या लगेच वर. बायनरी लॉग आणि जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनची स्वतंत्र ओळख) दोन्ही चालू असतील तर धोका खरा आहे: ट्रान्झॅक्शन झाल्याची नोंद बायनरी लॉगमध्ये टिकते, टेबलमधली ओळ मात्र गेलेली असते, आणि रेप्लिका ती परत मागतच नाही. तिथे फ्लश आणि सिंक_बिनलॉग (बायनरी लॉग डिस्कवर कधी पक्का करायचा ती सेटिंग) दोन्ही १ च हवेत. उद्या प्रायमरी होऊ शकेल अशा रेप्लिकावरही तेच. ८.० पासून बायनरी लॉग मुळातच चालू येतो, म्हणून तर अट इतकी ठळक लिहिली. तुम्ही ती ओलांडून खालची ओळ उचललीत आणि माझ्यावर फेकलीत.

एक मान्य: वर्करच्या सेटिंगचं नाव मी जुनं लिहिलं होतं. ८.०.२६ पासून ते रेप्लिका_पॅरलल_वर्कर्स आहे. दुरुस्त केलं आहे, धन्यवाद.

बेंचमार्क नाहीत, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा उल्लेख नाही, प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखणारा रकाना) नसलेल्या टेबलांवर काही नाही, या तक्रारींत मी शिरत नाही. माझ्या डिस्कचे आकडे तुमच्या डिस्कला लागू नाहीत, लेखाच्या शीर्षकातच मायएसक्यूएल आहे, आणि प्रायमरी कीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

अट पाळूनही तुमच्याकडे डेटा गेला असेल तर आवृत्ती आणि सेटिंगसकट लिहा. मी ते लेखात सगळ्यांत वर लावेन. माझ्या अनुभवावर शेरे मात्र पुन्हा नकोत.