मशिनवर रुपये निवडू नका: थायलंडच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

थायलंडला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: कार्ड मशिनवर रुपये की बाट (थायलंडचं चलन) असं विचारलं तर रुपये निवडा, किती कापले ते जागेवर कळतं. झिरो मार्कअप कार्ड, म्हणजे परदेशी खर्चावर बँक दरापेक्षा जादा टक्के (मार्कअप) घेत नाही असं कार्ड, असलं की एटीएमचा खर्च शून्य. अडलंच तर क्रेडिट कार्डाने रोकड काढा, महिनाभर व्याज नाही. क्यूआर जागोजागी आहेत, यूपीआय चालून जातं. आणि इथून परकी चलन घेऊ नका, रुपये न्या आणि तिकडे बदला.

पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेली, टूरचे पैसे वर्षभर साठवलेली माणसं हे वाचून डोळे झाकून तसंच करतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. बँकॉकच्या मॉलमध्ये कार्ड टेकवलं की मशिनवर दोन आकडे येतात, एक बाटमध्ये, एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे जातं. पण तो दर तुमच्या बँकेचा नसतो, व्हिसा-मास्टरकार्डचाही नसतो. तो ठरवते दुकानदाराची बँक किंवा तिच्यासाठी रूपांतर करणारी कंपनी, आणि तिचा नफा त्या दरातच असतो. समजा बाट 2 रुपये 60 पैशांना आहे आणि मशिनच्या दरात 5 टक्के चढवलेत. मग 10 हजार बाटच्या खरेदीचे 26 हजारांऐवजी 27,300 रुपये होतात. 1,300 रुपये गेले, कशाबद्दल, तर आकडा लगेच दिसला म्हणून.

यावर एक रास्त शंका येते: माझ्या साध्या कार्डावर तसेही साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के जातातच, मग फरक काय? फरक असा की बऱ्याच भारतीय बँका परदेशातल्या रुपयांतल्या व्यवहारावरही साधारण 1 टक्का वेगळं शुल्क लावतात. म्हणजे कात्री दोन्हीकडून. झिरो मार्कअप कार्ड असेल तर रुपये निवडताक्षणी त्या कार्डाचा सगळा फायदा वाया गेला. आणि बाट भरलेल्या फॉरेक्स कार्डावर (परकी चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड) रुपयांत रक्कम मागितली गेली, तर पुन्हा एक रूपांतर आणि त्याचं शुल्क.

एटीएमवर हीच गोष्ट जरा आडवळणाने येते. रूपांतराचा दर दाखवून स्क्रीन विचारतो, मान्य आहे का? ‘डिक्लाइन’ दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती वाटते. तसं होत नाही. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ किंवा ‘कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन’ हेच दाबायचं. नोटा बाहेर येतात आणि दर तुमच्या कार्डाचा लागतो. दुकानात न विचारता रुपयांची स्लिप निघाली, तर सही करू नका. व्यवहार रद्द करून बाटमध्ये पुन्हा करायला सांगा. निवड ग्राहकाची, हा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे.

आता एटीएमचा शून्य खर्च. मार्कअप शून्य असला तरी थाई बँक परदेशी कार्डावर दर वेळी स्वतःचं शुल्क घेते, बहुतेक ठिकाणी 220 बाट किंवा थोडं जास्त. हजार बाट काढले तर 22 टक्के गेले, 20 हजार काढले तर जेमतेम 1 टक्का. म्हणून थोडे थोडे काढू नका.

क्रेडिट कार्डाने रोकड काढण्याचा सल्ला साफ चुकीचा आहे. बिनव्याजी मुदत खरेदीला असते. रोकडीवर त्याच दिवसापासून व्याज चढतं, शिवाय काढण्याचं वेगळं शुल्क.

क्यूआरबद्दल: थायलंडमधले क्यूआर प्रॉम्प्टपे या तिथल्या पेमेंट यंत्रणेचे असतात. अशा यंत्रणा देशादेशांत एकेक करून जोडल्या जातात. प्रॉम्प्टपे सिंगापूरच्या पेनाऊशी 2021 मध्ये जोडलं गेलं, आपलं यूपीआय त्याच पेनाऊशी 2023 मध्ये. त्यामुळे क्यूआर दिसला म्हणजे आपलं अ‍ॅप चालणारच, असं धरून खिसा रिकामा ठेवू नका. पटायातल्या सोंगथावला (बाकं लावलेली शेअर गाडी) आणि रात्रबाजारातल्या गाड्यांवर रोख लागतेच.

रोकडीच्या मुद्द्यात मात्र निम्मं तथ्य आहे. इथल्या विमानतळावर बाट घेणं महाग पडतं, हे खरं. पण उपाय रुपयांची थप्पी नव्हे. भारताबाहेर जाताना माणशी 25 हजारांपर्यंतच भारतीय रुपये नेता येतात. त्यापेक्षा शहरातल्या अधिकृत केंद्रातून थोडे डॉलर घ्या, शंभराच्या कोऱ्या नोटांत. बँकॉकमध्ये मोठ्या नोटेला लहान नोटेपेक्षा चांगला दर मिळतो, आणि फाटकी किंवा शाईने लिहिलेली नोट परत हातात येऊ शकते. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर समोरच्या बँक काउंटरवर घाई करू नका. तळमजल्याखाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेजवळ बदलून देणारे आहेत, तिथले दर बरे असतात.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावा लागतो. हे निघण्याआधी घरीच करा. तिकडे गेल्यावर भारतातलं सिम बंद असेल, तर ओटीपीसुद्धा येणार नाही.