सलग 41 तासांचे किती पैसे?

"सरकारी नोकर आहेत, पगार मिळतोच, मग निवडणुकीच्या ड्युटीचे वेगळे पैसे कशाला?" हे आपल्या मराठी मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

माझी नणंद शिक्षिका आहे. 2024 च्या लोकसभेला तिची मतदान अधिकारी क्रमांक 2 म्हणून ड्युटी लागली होती. म्हणजे रजिस्टरमध्ये सही घ्यायची आणि बोटाला शाई लावायची. आपल्या इंदूरचं मतदान 13 मेला होतं. 12 तारखेला सकाळीच नेहरू स्टेडियमवर हजर व्हायचं, सामान मोजून घ्यायचं, यंत्रांचे नंबर जुळवायचे, मग बसने केंद्रावर. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉकपोल. उमेदवारांच्या एजंटांसमोर कमीत कमी 50 मतं टाकायची, व्हीव्हीपॅट यंत्रातल्या चिठ्ठ्यांशी ताळा घ्यायचा, सगळं पुसायचं आणि सील करायचं. सातला खरं मतदान सुरू. सहाला दार बंद झालं तरी रांगेत असतील त्यांचं मत घ्यावंच लागतं. मग 17-सी फॉर्म, म्हणजे पडलेल्या मतांचा हिशोब, प्रत्येक एजंटला त्याची प्रत, पुन्हा सील, पुन्हा बस, पुन्हा स्टेडियम आणि तिथे सामान जमा करायची रांग.

तिला घ्यायला आम्ही गेलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. एका लिफाफ्यावर सही राहिली म्हणून काउंटरवरून त्यांची पेटी परत पाठवली होती. त्यांचे पीठासीन अधिकारी, म्हणजे केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला आलेले गृहस्थ, मोबाईलच्या उजेडात जमिनीवर बसून कागद लावत होते. नणंदेची बोटं शाईने काळी झाली होती. नखांवरची शाई जून लागला तरी गेली नव्हती.

त्या निवडणुकीत इंदूरला नोटाला, म्हणजे "यापैकी कोणीही नाही"ला, 2,18,674 मतं पडली, देशभर गाजलं. त्या बोटांना शाई लावणाऱ्यांना काय मिळालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तेव्हा मतदान अधिकाऱ्याचा निवडणूक आयोगाचा किमान दर होता दिवसाला 250 रुपये. 2025 मध्ये तो 400 झाला, पीठासीन अधिकाऱ्यांचा 350 वरून 500 आणि चतुर्थ श्रेणीचा 200 वरून 350. वाढ झाली हे चांगलंच झालं. पण हिशोब अजून दिवसाचा किंवा ठोक रकमेचाच आहे, तासांचा नाही. सकाळी आठला निघून दुसऱ्या रात्री एकला घरी येणारी बाई हिशोबात दोनच दिवस भरते. रात्र कुठेच धरलेली नाही. ड्युटी नाकारायची सोय नाही, गैरहजर राहिलं तर नोटीस येते, निलंबनसुद्धा होतं. सक्तीने काम घेता ना, मग तासांचे पैसे द्या.

बीएलओंचं, म्हणजे आपापल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्यांचं, तर विचारूच नका. त्यांचं मानधन 2025 मध्ये वर्षाला 6,000 वरून 12,000 झालं, म्हणजे महिन्याला हजार. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरपासून आपल्याकडे एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष सखोल तपासणी, सुरू झालं. घरोघरी फॉर्म वाटा, गोळा करा, रात्री बसून अपलोड करा, आणि 2003 च्या यादीत नाव शोधा. जळगाव-नागपूरहून सून म्हणून आलेल्या आपल्या कितीतरी बायकांची नावं इथल्या त्या यादीत असणार कुठून? माहेरची यादी काढा, आई-वडिलांचं नाव जुळवा, हे सगळं समजावत बसायचं ते बीएलओनेच. इंदूरच्या भंवरकुआँकडे भाड्याने राहणारी मुलं तर दर वर्षी खोली बदलतात. यात कितीतरी अंगणवाडीच्या ताई होत्या. त्यांना पगार नसतो, मानधनच असतं, त्यामुळे "पगार मिळतोच" हे त्यांना लागूच होत नाही. आणि शिक्षकांचा पगार शिकवण्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने त्यांना निवडणुकीला लावता येतं हे मान्य, पण मागे राहिलेला अभ्यासक्रम तेच भरून काढतात.

माझं म्हणणं एवढंच की मानधन घरातून निघाल्यापासून सामान जमा होईपर्यंतच्या तासांवर ठरावं, रात्रीचा दर वेगळा असावा आणि सामान जमा केल्याची पावती मिळते त्याच दिवशी पैसे खात्यात पडावेत. बायकांना दारापर्यंत सोडायला गाडी हवी आणि दुसरा दिवस सुट्टीचा हवा, शाळेने त्यावर हुज्जत न घालता.

महापालिकेचं मागचं मतदान 2022 च्या जुलैत झालं, म्हणजे पुढची निवडणूक आता लांब नाही. ती राज्य निर्वाचन आयोग घेतो, दिल्लीचा नाही. तेव्हा ही मागणी भोपाळला आत्ताच, तारखा लागायच्या आधी पोहोचायला हवी. शिक्षक संघटनांनी निवेदन तयार केलं तर सही करायला मी येईन आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनाही घेऊन येईन.