तीन ड्रॅगनच्या अक्षराचा खोटा अर्थ

एक फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. म्हणे, चिनी अक्षर म्हणजे चित्र: एक झाड म्हणजे झाड, तीन झाडं म्हणजे जंगल. त्याच हिशेबाने तीन ड्रॅगन एकत्र काढले की 'ड्रॅगनांचा कळप', चार काढले की 'महाड्रॅगन'. चिनी माणूस चित्र पाहतो आणि वाचतो.

झाडांचं खरं आहे. बाकी कल्पनाविलास.

तीन ड्रॅगनच्या अक्षराचा कोशातला अर्थ आहे ड्रॅगनची चाल, त्याचं झेपावत जाणं. दोन ड्रॅगनच्या अक्षराला शू शेन या चिनी कोशकाराने इ.स. १०० च्या सुमारास आपल्या कोशात 'उडता ड्रॅगन' म्हटलं. दोन ड्रॅगन काढूनही अर्थ एकाचाच. आणि चार ड्रॅगन, तब्बल ६४ रेघा? अर्थ: बडबड्या! हे चित्रातून कोणी ओळखून दाखवावं.

उच्चाराचं तर विचारूच नका. एकट्या ड्रॅगनचा उच्चार 'लुंग'. दोन किंवा तीन झाले की त्यात लुंगचा मागमूसही नाही. रोमन लिपीत या दोन-तीन ड्रॅगनांचा उच्चार 'डी-ए' असा लिहितात म्हणून आपण 'दा' म्हणतो; खरा उच्चार आपल्या 'ता'ला जवळचा. हा उच्चार टिकला कसा? शू शेनने दोन ड्रॅगनपुढे 'अमुक अक्षरासारखं वाचा' एवढंच लिहिलं. पुढच्या कोशकारांनी जोडीची युक्ती काढली: एका अक्षराचं पहिलं व्यंजन घ्या, दुसऱ्याचा उरलेला भाग जोडा. इथे ती जोडी आजच्या मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, 'थू' आणि 'ह' अशी वाचतात, म्हणजे 'ता' काही हाती लागत नाही. हजारभर वर्षांत व्यंजनं बदलली, शेवटचा 'प' गळाला. दक्षिण चीनमधल्या कँटोनीज बोलीत तो 'प' अजून ऐकू येतो.

बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा आवाज. आईच्या 'मा' या अक्षरात बाईशेजारी घोडा आहे, कारण घोड्याचा उच्चारही 'मा', फक्त सूर वेगळा. फॉरवर्डच्या तर्काने तिथे घोडेस्वार बाई निघेल.

राहिलं 'पाहतो आणि वाचतो'. २०२४ हे ड्रॅगनचं वर्ष. चिनी सरकारी वाहिनीने वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, कार्यक्रमाच्या घोषवाक्यात हेच तीन ड्रॅगन दोनदा वापरले, आणि 'हे वाचायचं कसं?' हा प्रश्न खुद्द चिनी लोकांनाच पडला.