कॅटमध्ये प्रश्न सोडणं म्हणजे पळ काढणं नव्हे

सर, नमस्कार.

कॅट म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा. तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अवघड गणित दिसलं की पुढे जा, हा सल्ला मुलांना पळपुटं करणारा आहे. आम्ही वर्गात जन्मभर याच्या उलट शिकवलं. माझ्या नातवाला ९५ टक्के मिळूनही अहमदाबादहून बोलावणं आलं नाही. मग ही परीक्षा मोजते तरी काय?" तुमची तळमळ मला पोचली, तरी तो सल्ला मी मागे घेणार नाही.

आधी ते ९५. ते टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ९५ टक्के मुलं नातवाच्या मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी कॅट दिली. त्या हिशेबाने ९५ पर्सेंटाइलच्या पुढे साडेचौदा हजारांवर मुलं उरतात. अहमदाबाद, बंगळुरू, कोलकाता इथल्या आयआयएमच्या जागा त्यामानाने फारच थोड्या, आणि मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचे गुणही धरले जातात. तुमचा नातू कमी पडला असं मी म्हणणार नाही. त्याच्या पुढची रांग लांब होती.

आता मूळ मुद्दा. बोर्डाच्या गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. म्हणून तुम्ही मुलांना उदाहरणाला भिडायला शिकवलंत, आणि ते योग्यच होतं. कॅटमध्ये पायऱ्या कोणी बघत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, चार पर्याय दिलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ वजा. २०२४ च्या पेपरात गणिताचे २२ प्रश्न होते आणि वेळ ४० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. समजा, सगळे प्रश्न पर्याय दिलेलेच आहेत आणि एकाने २० सोडवले, त्यातले १० बरोबर, १० चूक. त्याला २० गुण. दुसऱ्याने १२ सोडवले, १० बरोबर, २ चूक. त्याला २८. दोघांना येणारं गणित तेवढंच. फरक पडला तो निवडीमुळे, आणि कॅट ही निवडसुद्धा मोजते. अमुक प्रश्न आत्ता, अमुक नंतर, अमुक नाहीच, हे घड्याळ चालू असताना ठरवायला धीर लागतो. त्याला मी पळपुटेपणा कसा म्हणू?

ठोकताळ्याचंही गणित मांडून बघा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र उरलेल्या तिनांतून निवडणं किंचित फायद्याचं ठरतं. जिथे उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकल्यास काही वजा होत नाही. ते प्रश्न रिकामे ठेवू नयेत.

आणि हा सल्ला कॅटपुरताच आहे. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज या व्यवस्थापन संस्थेसाठी बसणाऱ्याने तिथे एकही प्रश्न कोरा सोडला तर ते नुकसानच. नातू दोन्ही देणार असेल तर सरावही वेगवेगळा करू द्या.

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे, "मराठी शाळेतल्या पोराने काय करायचं?" कॅट फक्त इंग्रजीत होते. २०२४ च्या भाषाविभागात २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर होते. गणितात तरबेज असलेली आपली मुलं इथे अडतात, आणि हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण व्याकरणाची पुस्तकं घोकून तो भरून निघत नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख, विषय कुठलाही, शेवटपर्यंत वाचायचा आणि लेखकाचं म्हणणं मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सुरू केलं तर फरक पडतो.

राहिलं तुमचं काम. सराव परीक्षेनंतर नातवाने सोडलेले प्रश्न तुम्ही घेऊन बसा, घड्याळ बाजूला ठेवून. प्रत्येक प्रश्नाला एकच विचारा, हा येत नव्हता म्हणून सोडला की वेळ खाणार होता म्हणून? पहिल्या ढिगातले प्रश्न तुमच्या पद्धतीने, सगळ्या पायऱ्यांसकट शिकवा. तिथे तुमच्यासारखा शिक्षक कुठल्याही क्लासपेक्षा उपयोगी आहे.