कातळ अखंड नाही: सह्याद्रीवरच्या एका संदेशाला उत्तर

पावसाळी भटकंती सुरू झाली की हा संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला आधी भटक्यांच्या गटात आला, मग नात्यातल्या गटात, आणि शेवटी एका शिक्षकांनी ‘मुलांना वाचून दाखवू का?’ असं विचारत पाठवला. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

संदेश थोडक्यात असा: सह्याद्री हा पृथ्वीवरचा सर्वांत जुना पर्वत आहे. त्यातला प्रत्येक किल्ला म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे त्याचं अर्धं तुटलेलं तोंड. कोकणातली गरम पाण्याची कुंडं आणि पालघरचे धक्के सांगतात की हे ज्वालामुखी जागे होत आहेत. कोयनेचा भूकंप केवळ धरणामुळे झाला. बाकीचा महाराष्ट्र एका अखंड काळ्या कातळावर बसला आहे, त्याला कुठे भेग नाही, त्यामुळे आपल्याला भूकंपाची भीती नाही.

पहिली चार विधानं चुकीची किंवा अर्धवट आहेत. पाचवं घातक आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

‘सर्वांत जुना पर्वत.’ सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हा आकडा आपल्याला अफाट वाटतो, पण पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे. कॅनडातला अकास्ता इथला पट्टिताश्म, म्हणजे नाइस खडक, सुमारे चार अब्ज वर्षांचा आहे. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. सिंधुदुर्गातून गोव्याकडे उतरताना बेसाल्ट विरत जातो आणि त्याच्या खालचे जुने खडक उघडे पडतात. अनमोड घाटातला नाइस तीन अब्ज वर्षांहून जुना आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली इथेही असा प्राचीन पाया जमिनीवर दिसतो. महाराष्ट्राचं खरं म्हातारपण तिथे आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट त्यावर फार उशिरा पांघरलेली गोधडी आहे.

‘पण हिमालयापेक्षा तरी जुना ना?’ असं लगेच विचारलं जातं. इथे खडकाचं वय आणि पर्वताचं वय यांची गल्लत होते. हिमालय उचलला जाऊ लागला तो साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या लाव्हानंतर. मात्र एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेला आहे, त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. पर्वत तरुण, दगड म्हातारा. सह्याद्रीची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तो हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला पर्वतच नाही. तो एका पठाराची तुटलेली, झिजलेली कड आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून निघा, ‘डोंगर चढलो’ असं फारसं वाटतच नाही, घाट लागतो तो उतरताना. कोकणातून वर पाहणाऱ्याला मात्र ती उंच भिंत दिसते. लाव्हा थंडावल्यावर सेशेल्सचा तुकडा भारतापासून फुटून निघाला, पश्चिम किनारा घडला आणि तिथून ही कड झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आली. गोदावरी, भीमा, कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जातात, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे.

‘प्रत्येक किल्ला म्हणजे ज्वालामुखी.’ या विधानाचं उत्तर किल्ल्यावरच मिळतं. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहा आणि समोरच्या कड्यांकडे नीट बघा. आडवे थर दिसतील, एकावर एक, मैलोन्‌मैल एकाच पातळीत. ज्वालामुखीच्या शंकूत थर मुखापासून बाहेर उतरते असतात. इथे ते तसे नाहीत, कारण हा लाव्हा बव्हंशी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पाण्यासारखा पसरला. पुन्हा उद्रेक, पुन्हा थर. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. कड्यांवर जी तांबडी रेघ दिसते ती हीच. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, आणि सह्याद्रीची पायऱ्यापायऱ्यांची रचना पाहिली की तो पटतो. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, सच्छिद्र आणि मऊ थर, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात, तो झिजून माची होतो. आपले किल्ले या हिशोबावरच बांधलेले आहेत: कड्यावर तट, माचीवर वस्ती.

कोकणकड्याचा अंतर्वक्र आकार भुलवतो, हे मान्य. तिथे पहिल्यांदा पालथं पडून खाली पाहिलं तेव्हा मलाही ते तोंडच वाटलं होतं. पण त्या कड्यातही तेच आडवे थर आहेत. खालचे मऊ थर झिजले, वरचे आधार सुटून कोसळले आणि कड आत सरकत गेली. तिथे लाव्हा बाहेर पडण्याची कुठलीही नळी नाही. लाव्हा ज्या भेगांतून आला त्या भेगा मात्र खरोखर बघता येतात. त्यांत थिजून राहिलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती, ज्यांना डाइक म्हणतात, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, नाशिक-पुण्याच्या परिसरात आणि कोकणपट्टीत शेकड्यांनी आहेत. रस्त्याच्या कापात आडव्या थरांना उभा छेद देणारी काळी भिंत दिसली तर थांबून बघा. ज्वालामुखी शोधणाऱ्याने किल्ल्याच्या माथ्यापेक्षा तिथे जावं. (लोणारचंही नाव अधूनमधून या यादीत येतं. ते विवर उल्कापाताचं आहे, लाव्ह्याचं नाही.)

‘ज्वालामुखी जागे होत आहेत.’ नाही. ज्या उष्ण स्रोतावरून सरकताना भारताच्या भूखंडावर हा लाव्हा आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपण उत्तरेकडे निघून आलो, तो हजारो किलोमीटर मागे राहिला. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. आपल्याखाली तसं काही उरलेलं नाही.

मग गणेशपुरी-वज्रेश्वरीची कुंडं, उन्हवरे, आरवली, राजापूरचं उन्हाळे हे काय आहे? पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खडकात दर किलोमीटर खोलीला साधारण पंचवीस-तीस अंश तापमान वाढतं, त्यामुळे पाणी कढत व्हायला लाव्हा लागत नाही, पुरेशी खोली लागते. आणि ही कुंडं पाहा कशी मांडलेली आहेत: पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीला समांतर, एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात. संदेशवाल्यांनी ज्वालामुखीचा पुरावा म्हणून दिलेली गोष्ट खरं तर खोल भेगांचा पुरावा आहे, म्हणजे त्यांच्याच शेवटच्या विधानाच्या विरुद्ध. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून बसत राहिलेले धक्के हेही अशाच भेगांवरच्या हालचालींचे आहेत.

‘कोयनेचा भूकंप केवळ धरणामुळे.’ यात अर्धं सत्य आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. १९६२ च्या सुमारास कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला आणि धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की धक्के वाढतात, आणि पुढे वारणेचं धरण भरल्यावर त्यांचं क्षेत्र दक्षिणेकडे पसरलं. पाण्याचा संबंध निर्विवाद आहे.

पण ‘पाण्याच्या वजनाने डोंगर फुटला’ हे गणितात बसत नाही. शंभर मीटर पाण्याचा जो दाब, त्याच्या शंभरपटीहून जास्त दाब पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचा असतो. एवढ्याशा भाराने खडक तुटायचा तर राज्यातल्या शेकडो मोठ्या धरणांखाली तो तुटला असता. कोयनेसारखी गत राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याच धरणाची झालेली नाही. तिथला प्रस्तरभंग, म्हणजे जिच्या दोन बाजूंचा खडक एकमेकांवरून सरकतो अशी खोल भेग, आधीपासून होता, त्यावर ताण आधीच साठलेला होता. भारताचा भूखंड वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयात अडतो, त्याचा दाब पार दख्खनपर्यंत पोचतो. पाणी भेगांत मुरलं, भेगेच्या दोन बाजूंना धरून ठेवणारी पकड ढिली झाली आणि सुटायचं ते लवकर सुटलं. धरणाने निमित्त दिलं.

हा प्रस्तरभंग वरून सहजी दिसत नाही, याचं कारण कोयनेला खोदलेल्या विवराने स्पष्ट केलं आहे. कऱ्हाडच्या भूभौतिक प्रयोगशाळेच्या प्रकल्पात तिथे तीन किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं. १२४७ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, थरावर थर. त्याच्या खाली एकदम ग्रॅनाइट-नाइसचा प्राचीन पाया. भूकंप होतात ते या पायात. आपण डोळ्यांनी पाहतो ती गोधडी आहे, आणि तिच्याखालचा पाया कुठे कुठे तडकलेला आहे हे गोधडी बघून कळत नाही.

आता शेवटचं विधान. ‘अखंड कातळ, भेग नाही, भीती नाही.’

१९९३ पर्यंत हे आपण सगळेच मानत होतो, नुसते संदेशवालेच नव्हेत. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा तो भाग पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे सर्वांत सुरक्षित. १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसत होते, लोक घाबरले होते, तरी मोठं काही होईल असं फारसं कुणाला वाटलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२. सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर किल्लारीजवळ विवर खोदलं, तेव्हा काळा कातळ भरला फक्त ३३८ मीटर. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग तोच जुना पाया. ‘अखंड’ कातळाच्या पृष्ठभागावरही भूकंपाने उचललेली जमीन उघड दिसत होती.

आणि माणसं जमीन फाटून मेली नाहीत. ती भिंतींखाली मेली. दोन-अडीच फूट जाडीच्या, गोल दगड मातीत रचलेल्या भिंती, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. मराठवाड्याच्या उन्हात ते घर थंड राहायचं, म्हणून तसं बांधायचे. जमीन कधी हलेल असं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. उलट हलणार नाही असंच सांगितलेलं होतं. २००२ मध्ये नकाशातून तो पहिला पट्टाच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला.

अशी घरं आजही आहेत, आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणं, माळवदावरची माती कमी करणं, भिंतींवरून काँक्रीटचा आडवा पट्टा फिरवणं ही कामं गावातला गवंडी करू शकतो. शिक्षकांना मी एवढंच कळवलं की पहिली चार वाक्यं दुरुस्त करून वाचली तर मुलांना आवडतील, नाणेघाटाची सहलही काढता येईल. पाचवं वाक्य मात्र वाचू नका, त्या जागी किल्लारीच्या घरांचा फोटो दाखवा.