पतसंस्थेची यादी फुटली: त्या मेसेजमधलं खरं किती?

गेल्या आठवड्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो आहे. बचत गट असो, भजनी मंडळ असो, नाही तर कापूसवाल्यांचा ग्रुप. इथल्या एका पतसंस्थेची सभासद यादी बाहेर गेली, एवढं त्यातलं खरं आहे. नाव, मोबाईल, आधार नंबर, खाते नंबर, ठेवीची रक्कम, वारसदार, असा सगळा एक्सेलचा तक्ता. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. तो तक्ता मलाच तिघांनी पाठवला, "भाऊ, यात आपलं नाव हाय काय पाहून द्या" म्हणून. फुटलेली यादी पसरवायला बाहेरचा चोर लागलाच नाही.

मेसेज थोडक्यात असा: "ओटीपी सांगू नका, मग कोणी काही करू शकत नाही. आधार रद्द करून नवीन काढा. बँकेतले पैसे काढून घरी ठेवा. पोलीस पैसे गेल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. नवीन डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे, त्यातून प्रत्येक सभासदाला भरपाई मिळणार, खालच्या लिंकवर नाव नोंदवा."

शेवटापासून सुरू करतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी माणसं त्या लिंकसाठीच येतात. २५० कोटींचा आकडा खोटा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. ही कमाल मर्यादा झाली, सरसकट आकारणी नव्हे. आणि तो दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. सभासदाला त्यातला छदामही द्यायची तरतूद त्या कायद्यात नाही. शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. मग "नाव नोंदवा" कशासाठी? मी लिंक उघडून पाहिली. आधार नंबर, खाते नंबर, जन्मतारीख आणि ४९ रुपये नोंदणी शुल्क. यादीत होतं ते पुन्हा, आणि नव्हती ती जन्मतारीखही आता आपल्या हातानं भरून द्यायची.

भरपाईचा रस्ता आहे, पण तो वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, त्यातलं कलम ४३-अ. नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत ते जिवंत आहे. बँक खात्याची माहिती किंवा बोटांचे ठसे अशी संवेदनशील माहिती संस्थेने हलगर्जीपणे हाताळली आणि त्यातून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्याख्येत कंपनीसोबत व्यवसाय करणाऱ्या व्यक्तींचे इतर समूहही येतात, त्यामुळे "आम्ही काही कंपनी नाही" एवढ्यावर संस्थेला हात झटकता येत नाहीत. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. आता आमच्याकडचा माणूस तुरीची सोंगणी सोडून मुंबईला मंत्रालयात किती खेटे घालणार, हे मलाही कळतं. जवळचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. सहकारी संस्थेच्या सभासदाला ग्राहक म्हणून तिथं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने वीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. वकील लागतोच असं नाही, लहान रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येणार: कागद कुठं आहे?

त्यासाठी संस्थेला लेखी अर्ज द्या. माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्हाला कधी कळलं, सर्ट-इनला (सायबर घटनांची नोंद घेणाऱ्या केंद्रीय संस्थेला) कळवलं का? एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं. मी माझ्या वडिलांच्या नावचा अर्ज घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "पोच कायले पायजे भाऊ, मी सायबाले सांगतो ना." पोच घेतल्याशिवाय मी हललो नाही. शिक्का, सही, तारीख. दुसरी प्रत सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेकडे जाऊन उपयोग नाही.

आता ओटीपी. हा सल्ला अर्धा बरोबर आहे म्हणूनच जास्त घातक. परवा एक काकाजी आले, सत्तरीचे. फोन आला होता. समोरच्यानं त्यांच्या ठेव पावतीचा नंबर सांगितला, रक्कम रुपयापर्यंत सांगितली, मुलीचं नाव वारस म्हणून लागलं आहे तेही सांगितलं. काकाजी म्हणाले, "इतकं सगळं माहीत हाय म्हणजे सोसायटीचाच माणूस असन ना बाप्पा." यादी फुटण्याचा खरा धोका हा. अनोळखी माणसाला ओटीपी न देणारा मनुष्यही आपल्या मुलीचं नाव ऐकून सैल पडतो.

दुसरं, ओटीपीशिवायही पैसे जातात. गावात बँक मित्राकडे आपण काय देतो? आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ओटीपी कुठंच नाही. आधार नंबर तर यादीत गेलाच. राहिला अंगठा, तर २०२३ साली कर्नाटकात नोंदणी झालेल्या दस्तांवरच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणं समोर आली. आपल्याकडे खरेदीखतावर, बक्षीसपत्रावर अंगठे उमटवूनच वाटण्या झाल्या आहेत. त्यात सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापसाचा चुकारा येतो तो आधारशी जोडलेल्या खात्यातच. म्हणजे हिवाळ्यात कोणत्या खात्यात पैसे असतील, हे चोरालाही ठाऊक.

उपाय फुकट आहे. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा वेबसाईटवर बायोमेट्रिक लॉक करायचं. मग अंगठा चालत नाही. अडचण अशी की तो आपला स्वतःचाही चालत नाही. रेशन दुकानात मशीन नाकारतं, पीएम किसानची अंगठ्यावरची केवायसी अडते. त्या वेळेपुरतं उघडून परत लावावं लागतं. आणि हे सगळं आधारला जोडलेल्या मोबाईलवरून. आमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारला पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. त्यांनी आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्यावा. तोवर बँकेत अर्ज देऊन खात्यावरची अंगठ्याने पैसे काढायची सोय बंद करता येते का ते विचारावं. बऱ्याच बँका करून देतात.

"आधार रद्द करून नवीन काढा" यावर फार बोलत नाही. यादी फुटली म्हणून नंबर बदलून मिळत नाही. झेरॉक्स द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड होतं, ते द्या. घरी पैसे ठेवण्याबद्दल तर काय सांगावं? वेचणीच्या दिवसांत सगळं घर सकाळपासून वावरात आणि दाराला एक कुलूप.

पोलिसांविषयीचं वाक्य कडू अनुभवातून आलं आहे, ते मी उडवून लावणार नाही. ठाण्यात "पैसे गेले काय? मग कायची तक्रार?" असं मीही ऐकलं आहे. पण कायदा तसं म्हणत नाही. परवानगीशिवाय संगणकातली माहिती उचलणं आणि दुसऱ्याची ओळख वापरणं, हे पैसे जाण्याआधीही गुन्हे आहेत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. नोंदवून घेतली नाही तर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना, आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या नोंद होते, तिचा क्रमांक जपून ठेवा. उद्या तुमच्या नावावर कोणी सिम घेतलं किंवा कर्ज उचललं, तर आजची तारीख कामी येते. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसह चारही कंपन्या वर्षातून एकदा कर्जाचा अहवाल मोफत देतात, तोही पाहून घ्या.

पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तोटा तुमच्या अंगावर येत नाही. चार ते सात दिवस झाले तर काही भाग तुमच्यावर, त्यापुढे बँकेचं धोरण. चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं असतं. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंत झालेलं नुकसान तुमचं. "दसरा झाल्यावर पाहू" म्हणणाऱ्या एका बाईंचे तीन दिवस माझ्या डोळ्यांदेखत गेले.

संस्थेला द्यायच्या अर्जाचा नमुना मी केंद्रात ठेवला आहे. दोन प्रती लागतील, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या. आधारची झेरॉक्स आणू नका, या अर्जाला ती लागत नाही. माझ्या काउंटरखाली जुन्या झेरॉक्सचं एक खोकं होतं, तेही परवा फाडून जाळलं.